इंदूरच्या बागेत रानफुलांचं कुरण: पहिल्या दोन पावसाळ्यांचं काम

इंदूरमध्ये कुरण करायला निघालात की पहिली गाठ पडते ती स्वच्छतेशी. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं (सातव्या वर्षी सुरतेसोबत), आणि ओला-सुका कचरा वेगळा करणं आता पोराटोरांच्याही अंगवळणी पडलं आहे. अशा गावात बागेच्या एका कोपऱ्यात कंबरभर गवत दिसलं की चांगल्या मनाचा माणूससुद्धा थांबून म्हणतो, "अहो, हे कापून टाका की!" म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो: यातलं निम्मं काम जमिनीवरचं आहे आणि निम्मं माणसांमधलं.

कॉलेजचा वनस्पतिशास्त्र विभाग, एखाद्या संस्थेची किंवा ट्रस्टची बाग, कॉलनीचं मोठं उद्यान, यांपैकी कुठेतरी ज्यांच्या हातात थोडी जागा आहे आणि ज्यांनी हे काम आधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बाग वनस्पती उद्यान असेल तर उत्तमच. तिथे नावाच्या पाट्या, नोंदवह्या आणि झाडं ओळखणारी माणसं आधीपासून असतात.

कुरण म्हणजे नुसतं न कापलेलं लॉन नव्हे. त्यात आपल्या भागातली गवतं असतात, त्यांच्यात उगवणारी रानफुलं असतात, कापणी वर्षातून एकदा-दोनदाच होते, आणि खत, फवारणी, नळी यांपैकी काहीही तिथे जात नाही. माळव्याला ही कल्पना नवी नाही. गवतासाठी राखलेली बीडं इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर ही दोन अभयारण्यं १९८३ साली झाली ती अशाच माळरानांवर येणाऱ्या खरमोर ऊर्फ तणमोर या पक्ष्यासाठी. पावसाळ्यात नर खरमोर गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावतो. तुमच्या बागेत खरमोर येणार नाही, कुणाला तसं सांगूही नका. पण मुनियांचे थवे, राखी वटवट्या, सुगरण, वेडा राघू, कोतवाल, आणि गवतावरच वाढणारी फुलपाखरं येतील, आणि पहिल्याच वर्षी येऊ लागतील.

विलायती सल्ला कुठवर घ्यावा

इंटरनेटवर या विषयाचं जे काही सापडतं ते बहुतेक इंग्लंडचं. त्यातलं तत्त्व पक्कं आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने १७७२ पासून जपलेल्या हिरवळीचा काही भाग २०१९ मध्ये रानफुलांना दिला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कुरणात वनस्पती, कोळी आणि कीटक यांच्या जाती उरलेल्या हिरवळीच्या तिप्पट निघाल्या. शिवाय खत-फवारणी आणि कापणीचा खर्च वाचला तो वेगळाच.

तारखा मात्र त्यांच्या घेऊ नका. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये कुरण कापतात, कारण तोवर त्यांची फुलं होऊन गेलेली असतात. आपल्याकडे तेव्हा नुकती पानं फुटलेली असतात. आपलं वर्ष मृगाला सुरू होतं, श्रावण-भाद्रपदात फुलतं, दिवाळीच्या आसपास बी धरतं आणि होळीपर्यंत वाळून खडखडीत होतं. शिवाय 'वाइल्डफ्लॉवर मिक्स' म्हणून जी रंगीत पाकिटं विकली जातात ती अजिबात आणू नका. त्यात कॉसमॉस, पॉपी, कॅलेंडुला असली बागेतली परदेशी फुलं असतात. पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचं बी तर एकदा पडलं की शेजारपाजारचा माळही धरतं.

जागा

दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. कडुनिंब, गुलमोहर, रेन ट्री यांच्या सावलीत कुरण होत नाही, तिथे सावलीची वेगळी झाडं लावा. पहिल्या वर्षी दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद इतकाच तुकडा घ्या. एवढी जागा दोन माणसं आणि एक माळी नीट सांभाळतात. एक एकर घेतलात तर पहिल्या ऑगस्टमध्येच गाजर गवत तुमच्यावर मात करेल.

जागा निवडताना आधीच्या पावसाळ्यात तिथे काय उगवलं होतं ते पाहा, निदान माळ्याला विचारा. जिथे केना, विष्णुक्रांता, खुळखुळा आपोआप दिसले असतील तिथे जमिनीतच बी आहे, तुमचं अर्धं काम झालेलं आहे. अशी जागा खणून, सपाट करून, वरून बी पेरणं म्हणजे असलेलं मोडून नवं बसवणं. तिथे फक्त लॉनमोअर थांबवा आणि एक पावसाळा बघा.

उंचसखलपणा असेल तर तो काढू नका. खोलगट भागात पाणी चार दिवस रेंगाळतं तिथे तालीमखाना आणि केना येतील, उंचवट्यावर कुसळी आणि उन्हाळी. एकाच तुकड्यात दोन तऱ्हेचं जीवन मिळतं. एक मात्र बघा: जागा मुलांच्या झोपाळ्यांना लागून नको आणि मुख्य पायवाटेला अगदी चिकटून नको.

जमीन भुकेलीच ठेवा

आता इंदूरकरांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट. इथे खत घालायचं नाही. कंपोस्टसुद्धा नाही.

जड जातं, कारण कंपोस्टच्या जगात हे गाव प्रसिद्ध आहे. १९२४ पासून इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते फिरवत खत करण्याची पद्धत बसवली. रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली, आणि १९३१ साली दोघांच्या नावाने ते काम छापून आलं. आजही जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. घरोघरी ओला कचरा खतात जाणाऱ्या शहराला "इथे खत नको" म्हणणं म्हणजे लग्नात जेवण नको म्हणण्यासारखंच.

पण कारण साधं आहे. जमीन श्रीमंत झाली की दोन-चार दांडगी गवतं आणि तणं सगळी जागा खातात, आणि विष्णुक्रांतेसारखं वीतभर झाड उन्हाअभावी मरतं. जमीन जरा कमी कसाची असली की कुणीच फार वाढत नाही, सगळ्यांना जागा मिळते. माळव्यातली सुंदर फुलांची माळरानं मुरमाड उतारांवर असतात, काळ्याभोर शेतात नाही, ते याच कारणाने.

तुमची जागा मुरमाड असेल तर नशीबवान आहात, तशीच ठेवा. बागेतली काळी माती असेल, त्यात वर्षानुवर्षं शेणखत पडलं असेल, तर वरची चार-सहा बोटं माती काढून रोपवाटिकेला द्या. त्यांना ती सोन्याच्या भावाची वाटते, देणं-घेणं गोडीत होतं. काढणं जमत नसेल तर वर बारीक मुरूम पसरून, दाताळ्याने वरच्या मातीत मिसळून घ्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, त्या बुजवू नका. बेडूक, पाली, विंचू, कीटक सगळे तिथे आसरा घेतात, आणि पहिल्या पावसात बी त्यातच जाऊन रुजतं.

आधी तण उगवू द्या

जुन्या लॉनच्या जागी कुरण करायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये कामाला लागा. लॉनचा थर कुदळीने काढा. मग जमीन एकदा पाण्याने भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून पसरा, कडा मातीने दाबा, आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. इंदूरच्या मेमधल्या चाळीस-बेचाळीस अंशांत प्लास्टिकखाली बहुतेक तणाचं बी शिजून निघतं. काळं प्लास्टिक इथे तितकं उपयोगी नाही, ऊन आत जायला हवं.

हरळी आणि लव्हाळा याने मरत नाहीत. हरळीची धावती मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी खुरप्याने हाताने काढाव्या लागतात, आणि ते काम कंटाळवाणं आहे. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी महिन्यात तिच्या पाच होतात. म्हणून प्लास्टिक घालण्याआधी हे खणणं उरकून घ्या.

पहिला वळीव किंवा मान्सूनचा पहिला चांगला पाऊस झाला की हात आवरा. सगळ्यांना तेव्हाच पेरायचं असतं. त्याऐवजी दहा-पंधरा दिवस जमीन नुसती बघत राहा. राहिलेलं तण हिरवंगार उगवेल. ते बोटभर झालं की कोरड्या दिवशी वरवर खुरपून टाका. खोल खणायचं नाही, खोल खणलंत तर खालचं तणाचं बी वर येतं. मग पेरा. इंदूरमध्ये मान्सून साधारण जूनच्या मध्यानंतर येतो, म्हणजे पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात येईल. ही वाट पाहिली तर पहिल्या वर्षीची निम्मी खुरपणी वाचते.

गाजर गवताबद्दल वेगळं सांगतो. ते फूल येण्याआधी उपटायचं, मुळासकट, हातमोजे घालून आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. अनेकांच्या अंगावर त्याने पुरळ उठतं, परागाने दमाही उसळतो. पांढरी फुलं आली असतील तर उपटलेलं झाड कुरणात टाकू नका, बी पिकतंच. एकेका झाडाला हजारो बिया येतात. घाणेरीही दिसली की काढा. फुलपाखरं तिच्यावर बसतात म्हणून ती ठेवावी असा युक्तिवाद कुणी करेल. मध तिच्यात आहे, खरं आहे, पण पाच वर्षांत तिथे घाणेरीखेरीज काही उरत नाही.

बी कुठून आणावं

दुकानातून नाही. आपल्याच परिसरातून, आधीच्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गोळा केलेलं. रस्त्याच्या कडा, रेल्वेमार्गाजवळच्या मोकळ्या जागा, कॉलेजचं जुनं मैदान, शेताचे बांध, इथे विचारून घ्या. रालामंडळसारख्या अभयारण्यातून एक कुसळही आणायचं नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. आणि कुठेही गेलात तरी दहा झाडांपैकी एकाचंच बी घ्या, बाकीचं त्या जागेचं आहे.

गवतांत मारवेल, शेडा आणि थोडी कुसळी. फुलांत कुरडू, खुळखुळा, टाकळा, रानतीळ, उन्हाळी, द्रोणपुष्पी, विष्णुक्रांता, चिकणा. कडेला एखादी रुई आणि पिवळी कोरांटी. एवढ्या यादीने सुरुवात पुरते. यांतली बहुतेक नावं माळव्यातल्या माळ्याला हिंदीत ठाऊक असतात, टाकळ्याला पुंवाड म्हणालात की तो लगेच दाखवेल.

यात टाकळा का, असं विचारतात, कारण तो उकिरड्यावर उगवतो म्हणून त्याला मान नाही. पण एमिग्रंट आणि ग्रास यलो या पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या टाकळ्यावर आणि त्याच्या भाऊबंदांवर वाढतात. प्लेन टायगरला रुई हवी. पॅन्सी फुलपाखरांना कोरांटी आणि तालीमखाना. नुसती मधाची फुलं लावलीत तर फुलपाखरं येऊन जातील. अंडी घालायला पानं असतील तर ती तिथलीच होतील. गवतावर वाढणाऱ्या अळ्याही बऱ्याच आहेत, इव्हिनिंग ब्राऊन आणि स्किपरच्या. म्हणजे फूल नसलेला गवताचा हिरवा पट्टाही कामावरच असतो.

कुसळीचं बी एकदा जवळून बघाच. बारीक, अणकुचीदार दाणा, मागे तपकिरी पिळदार शेपटी. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब टाकला की शेपटी उलगडायला लागते आणि दाणा हळूहळू गोल फिरतो. सुकली की पुन्हा पिळते. असं ओल-सूक करत ते बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. तीच युक्ती ते तुमच्या मोज्यांवर आणि कुत्र्यांच्या कातड्यावरही चालवतं, म्हणून कुसळी पायवाटेपासून चार-पाच हात आत ठेवा.

गोळा केलेलं बी सावलीत वाळवा, कागदी किंवा कापडी पिशवीत ठेवा, कडुनिंबाचा वाळका पाला घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. प्रत्येक पिशवीवर झाडाचं नाव, जागा, तारीख लिहा. वनस्पती उद्यानासाठी ही नोंद म्हणजे अर्धी संपत्ती, दहा वर्षांनी कुणी विचारलं की हे मारवेल कुठलं, तर सांगता आलं पाहिजे.

रानगवतांचं ताजं बी बहुधा लगेच उगवत नाही, काही महिने झोपून काढतं. म्हणून हिवाळ्यात जमा केलेलं पुढच्या पावसाळ्यात पेरणं हेच योग्य. खुळखुळा, टाकळा, उन्हाळी यांच्या बियांची साल मात्र दगडासारखी असते. पेरण्याआधी त्या वाळूच्या कागदावर हलक्या घासा, किंवा कढत पाण्यात टाकून रात्रभर तशाच थंड होऊ द्या. जूनमध्ये शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण तपासा. शंभरातल्या वीसच उगवल्या तर बी तेवढ्या पटीत जास्त टाकायचं, इतका सरळ हिशेब.

पेरणी

चौरस मीटरला तीन ते पाच ग्रॅम मिश्र बी पुरतं. ते इतकं थोडं दिसतं की हात आपोआप जास्त टाकतो, म्हणून आधी त्यात चार-पाच पट कोरडी वाळू मिसळा. अर्धं बी उत्तर-दक्षिण चालत फेकायचं, अर्धं पूर्व-पश्चिम. पांढरी वाळू कुठे पडली आणि कुठे नाही तेही दिसतं. नंतर पायाने किंवा हलक्या रूळाने दाबा. बारीक बी मातीखाली गाडायचं नाही, मातीला चिकटलं की झालं.

मारवेलचं बी मिळालं नाही तर त्याचे ठोंब लावा. जुन्या गड्ड्यातून दोन-तीन काड्या मुळासकट वेगळ्या करायच्या, वरून कापून वीतभर ठेवायच्या, आणि हातभर अंतरावर रोवायच्या. पावसाच्या झडीत लावलेले ठोंब सहसा दगा देत नाहीत. मधल्या जागेत फुलांचं बी फेका. ठोंब इतके दाट लावू नका की फुलांना जागाच उरणार नाही. घट्ट हिरवा गालिचा झाला म्हणजे आपण पुन्हा लॉनच केलं.

तुकड्याच्या एका कडेला दोन-तीन चौरस मीटर जमीन उघडी, गवताविना ठेवा. जगातल्या बहुतेक मधमाश्या एकेकट्या राहतात आणि जमिनीत बीळ करून अंडी घालतात, पोळं करणाऱ्या माश्या त्या मानाने थोड्या. ही उघडी जागा त्यांच्यासाठी. तिथे रोज झाडू मारणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

पहिला पावसाळा

पहिल्या वर्षी ते भयंकर दिसतं, ही धास्ती आधीच पत्करा. कुरडू आणि केना सगळीकडे, गवत विरळ, मध्येच कुणीतरी टाकलेली पिशवी. दर आठवड्याला अर्धा तास गाजर गवत आणि घाणेरीसाठी फिरा, बाकी काही उपटू नका. ऑगस्टमध्ये एकवर्षायू तण गुडघ्याच्या वर गेलं तर एकदा वीतभर उंचीवर कापून घ्या, कापलेलं उचला. खालच्या बारक्या रोपांना ऊन मिळतं.

पाऊस पंधरा दिवस दडला तरच पाणी द्या, तेही पहिल्याच वर्षी. ऑक्टोबरनंतर एक थेंबही नाही. दिवाळीनंतर गवत सोनेरी होईल, मार्चमध्ये तपकिरी, मेमध्ये राखाडी. समितीतलं कुणीतरी म्हणेलच की मेलं सगळं. मेलेलं नसतं, मुळं जिवंत आहेत. जुलैत बघा म्हणावं.

कापणी

कुरण बनतं ते कापणीत. कुरण कधी, किती आणि कसं कापलं यावर पुढच्या वर्षी काय फुलेल ते ठरतं.

मुख्य कापणी नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरमध्ये, बहुतेक बी पिकून गळू लागल्यावर. मूठभर कणसं हातात चोळून बघा; दाणा हातात सुटून आला की वेळ झाली. सगळं एकदम कापू नका. तीन भाग करा, दोन कापा, एक तसाच उभा ठेवा. त्या उभ्या भागात मुनिया थंडीभर बी टिपतात आणि कोषातले कीटक हिवाळा काढतात. पुढच्या वर्षी उभा भाग बदला.

विळ्याने कापलेलं केव्हाही चांगलं. ब्रशकटर वापरायचाच असेल तर कापणीआधी काठी आपटत सावकाश एक चक्कर मारा आणि मग मधून कडेकडे कापत या. कडेकडून मध्ये कापत गेलात तर बेडूक, सरडे, सगळे मधल्या शेवटच्या पुंजक्यात अडकतात आणि पात्याखाली येतात. उंची चार-पाच बोटं ठेवा, जमीन खरवडू नका.

कापलेलं गवत दोन-तीन दिवस तिथेच पसरून ठेवा, बी गळू द्या. मग एकूणएक उचला. हे टाळलंत तर ते कुजून जमिनीचं खत होतं आणि भुकेली जमीन पुन्हा पोटभरू होते. जवळच्या गोशाळेला द्या, गाजर गवत त्यात नाही याची खात्री करून. नाहीतर बागेच्याच कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ द्या, हॉवर्ड-वाडांचा मान तिथे राखा.

जाळायचं नाही. कुणी "आग लावली की पुढच्या वर्षी जोरात येतं" म्हणेल. गवत येतं खरं, पण वाळक्या काड्यांतले कीटक, अंडी, कोष सगळे जातात, आणि शहरात धूर कुणालाच परवडत नाही. उलट फेब्रुवारीअखेर उभ्या भागाभोवती दोन मीटरचा पट्टा जमिनीलगत कापून ठेवा. वाळक्या गवतात विडीचं थोटूक पडायला वेळ लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये कापलेल्या मोकळ्या भागात टिटवी अंडी घालू शकते. चार ठिपकेदार अंडी खड्यांतच असतात, दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की त्या भागातून मागे फिरा आणि चार काठ्या रोवून दोरी बांधा.

माणसं

आता निम्मं उरलेलं काम. कुरणाच्या चारी बाजूंनी अर्धा मीटरचा पट्टा दर पंधरा दिवसांनी नीटनेटका कापा आणि मधून एक वळणदार पायवाट ठेवा, तीही कापलेली. एवढ्यानेच लोकांना कळतं की हे कुणीतरी जाणून-बुजून केलं आहे. विना-कडेचं तेच गवत त्यांना दुर्लक्ष वाटतं. मला विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा बियांवर कमी खर्च करा, पण कडा चुकवू नका.

पाटी लावा, हिंदीत आणि जमलं तर मराठीतही, मोठ्या अक्षरांत. मजकूर लहान: "हे गवत मुद्दाम वाढवलं आहे. कापणी डिसेंबरात. इथे दिसणारी फुलपाखरं ही पाहा", आणि खाली चार चित्रं. लांबलचक भाषण कुणी वाचत नाही.

दोन प्रश्न हमखास येतात, साप आणि डास. सापाबद्दल खोटा धीर देऊ नका. उंच गवतात साप येऊ शकतो, म्हणूनच पायवाट कापलेली असते, मुलांची जागा लांब असते, आणि संध्याकाळनंतर आत जायचं नसतं. डासांचं उत्तर सोपं आहे. डास साचलेल्या पाण्यात वाढतात. गवतात दिवसा विसावा घेतील, पण त्यांचा जन्म कुंडीखालच्या बशीत, टायरमध्ये, कूलरमध्ये होतो. कुरणावर बोट दाखवण्याआधी बागेतल्या बश्या रिकाम्या करा, आणि ते तुम्ही करताना लोकांना दिसू द्या.

सगळ्यात महत्त्वाचा माणूस माळी. इतकी वर्षं बाग स्वच्छ ठेवली म्हणून ज्याला शाबासकी मिळाली, त्याला आता तुम्ही गवत वाढवायला सांगता. "साहब, ये तो घास है, लोग हमको बोलेंगे," हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, बोलणी तोच खातो. म्हणून समितीचा ठराव लेखी घ्या आणि त्याची प्रत माळीकाकांच्या हातात द्या. पाटीवर त्यांचं नाव घालायचं का ते त्यांनाच विचारा. आणि एका सकाळी त्यांना टाकळ्यापाशी थोडा वेळ थांबवा. भुंगा पिवळ्या फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो, आणि परागाची भुकटी त्याच्या पोटावर झडते. टाकळ्याचा पराग असाच हलवून काढावा लागतो, साध्या बसण्याने निघत नाही. हे एकदा पाहिलेला माळी तो टाकळा सहसा उपटत नाही.

मोजणी

कुरणाने खरंच काही बदललं का, हे सांगायला आकडे लागतात. सुरू करण्याआधीच्या पावसाळ्यात, आणि मग दरवर्षी त्याच महिन्यांत, एक बाय एक मीटरचा चौकोन सुतळीने आखून आत किती जातींची झाडं आहेत ते लिहा. असे पाच चौकोन कुरणात, पाच उरलेल्या लॉनमध्ये. फुलपाखरांसाठी सप्टेंबरमध्ये, दर आठवड्याला एकाच वेळी, पंधरा मिनिटं त्याच वाटेने चाला. फोटो आयनॅचरलिस्टवर आणि पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर टाका; दोन्ही निसर्गनोंदींची संकेतस्थळं आहेत. विद्यार्थी हे आनंदाने करतात, विशेषतः प्रॅक्टिकलचे गुण मिळत असतील तर.

दुसरा पावसाळा

दुसऱ्या वर्षी पेरणी नसते, भर घालणं असतं. जिथे नुसतं गवत झालं आहे तिथे जूनमध्ये विळ्याने खरवडून हातभर लांबी-रुंदीचे उघडे तुकडे करा आणि त्यात ज्या फुलांनी पाठ फिरवली त्यांचंच बी टाका. विष्णुक्रांता आणि द्रोणपुष्पी यांना बहुधा ही दुसरी संधी लागते. कुरडू फार झाला असेल तर त्याचं बी पिकण्याआधी निम्मी कणसं कापून टाका, कोवळी पानं भाजीला घरी न्या. मारवेलचे गड्डे मोठे झाले असतील तर फोडून ठोंब काढा आणि शहरातल्या दुसऱ्या बागेला द्या. सोबत बी कुठलं, कधीचं, हे लिहिलेली चिठ्ठी द्यायला विसरू नका.